‘शिंच्या’ चालायचं, ‘साला’ नाही

कॅसेटवाला, ठाणे

घराला रंग काढायचा म्हणून गेल्या आठवड्यात माळा उपसला. पितळी समई, तळ गेलेली कढई, आजोबांची छत्री, आणि बुटांच्या खोक्यात तेवीस कॅसेटी. त्यातल्या एकीवर बाबांच्या अक्षरात, निळ्या शाईने: ‘वस्त्रहरण, बाजू २. मुलांसमोर लावू नये.’

‘वस्त्रहरण’ या मालवणी नाटकाची ही कॅसेट विकतची नव्हे. शेजारच्या काकांकडे मूळ होती. बाबांनी आमचा टेपरेकॉर्डर उचलून त्यांच्याकडे नेला, त्यांच्या स्पीकरपुढे ठेवला आणि दोन्ही बटणं एकदम दाबली. त्यामुळे नाटकाच्या मागे काकांच्या घड्याळाचे ठोके आहेत, कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत, काकूंचं ‘आमटी उतू चाललीय’ आहे आणि बाबांचा खोकला आहे. महत्त्वाचा तो खोकला. बाबांनी हे नाटक आधी दोनदा थेटरात जाऊन पाहिलेलं. शिवी कुठे येणार हे त्यांना तोंडपाठ. ती आली रे आली की बाबा खोकायचे. बाजू दोनवर ते अकरा वेळा खोकले आहेत.

परिणाम असा झाला की आम्हा भावंडांना एकही शिवी कळली नाही, पण प्रत्येक शिवीची जागा पाठ झाली. आम्ही भांडताना एकमेकांवर खोकायला लागलो. धाकटा एकदा शाळेत गणिताच्या बाई वळल्यावर दोनदा खोकला. बाईंनी त्याला पाणी पिऊन यायला सांगितलं. बाकी वर्ग बाकांखाली.

घरात ‘गाढव’, ‘बावळट’, ‘रेडा’ एवढीच परवानगी. ‘मेल्या’ फक्त आईच्या तोंडी, तेही दूध उतू गेलं तर. आईचं माहेर वेंगुर्ल्याचं, पण लग्नानंतर ठाण्याला येऊन तिची बोली सुटली ती सुटलीच, असं आम्ही धरून चाललो होतो.

तर तुमच्या घरचं सांगा. कुठलं नाटक, कुठला वग, कुठली कॅसेट? कुठला शब्द चालायचा, कुठल्याला थोबाडीत मिळायची? अट एकच, आजीसमोर जेवढं उच्चारता येईल तेवढंच लिहा, बाकी फुल्या. (ज्यांची आजी मालवणी आहे त्यांना ही अट लागू होत नाही याची कल्पना आहे.)

आजीचो नातू, कुडाळ, सध्या डोंबिवली

अट लागू नाही म्हणालात, तेव्हा पहिला नंबर माझाच.

आमच्या आजीच्या बोलण्यात शिव्या नव्हत्या. शिव्यांच्या मधेमधे आजी बोलायची. पहाटे कोंबड्यापासून सुरुवात. मग गाय, मग न पेटणारी ओली लाकडं, मग विहिरीत पडलेला कळसा, मग मी. सगळ्यांना एकच हाक, ‘मेल्या’. मे महिन्यात लाल डब्यातून उतरून पाणंदीने घरी पोचलो की खळ्यात उभी असायची. ‘इलंस मेल्या? खंय मराक गेल्लंस वर्सभर?’ आणि हे म्हणता म्हणता पदराने माझं तोंड पुसायची. पुण्याची माझी बायको पहिल्यांदा आली तेव्हा तिला वाटलं काहीतरी जुनं भांडण आहे. मी म्हटलं, आजी ज्या दिवशी ‘या, बसा’ म्हणेल त्या दिवशी घाबर. आजीने आयुष्यात ‘या, बसा’ फक्त तलाठ्याला म्हटलं.

‘आवशीचो घो’ याच्यावर मुंबईकर खूप हसतात. शब्दशः बघा. आवशीचा घो म्हणजे आईचा नवरा. म्हणजे बाप. यात काय वाईट आहे? अर्थात हे स्पष्टीकरण मी सहावीत असताना हेडमास्तरांना दिलं होतं, तेव्हा त्याचा उपयोग झाला नव्हता. पुढे २०१० साली एका मराठी सिनेमाच्या नावातच ‘आयचा घो’ आला तर केवढा वाद झाला, आठवत असेल.

वस्त्रहरणाबद्दल. गंगाराम गवाणकरांनी लिहिलं, मच्छिंद्र कांबळी तात्या सरपंच. साल १९८०. गावातली माणसं द्रौपदी वस्त्रहरणाचं नाटक बसवतायत आणि एक गोष्ट धड होत नाही, एवढाच जीव. मुंबईकरांना तो फार्स वाटला. आम्हाला त्यात नवीन काहीच नव्हतं. आमच्या जत्रेतल्या नाटकात माझा चुलता भीष्म झाला होता, मनगटावर एचएमटीचं घड्याळ. शरपंजरी पडल्यावर त्याने ते डोळ्यांजवळ नेऊन बघितलं, कारण शेवटची गाडी चुकणार होती. कोपऱ्यातून कोण तरी ओरडला, ‘भीष्मा, किती वाजले रे?’ आणि भीष्माने वेळ सांगितली.

सुरुवातीला त्या नाटकाला गर्दी नव्हती. पुलंनी पाहिलं, मनापासून कौतुक करणारं पत्र लिहिलं, ते लोकांपर्यंत गेलं आणि मग बोर्डावर हाऊसफुल्ल लागायला लागला. पुढे हे मालवणी नाटक लंडनपर्यंत गेलं. पण माझ्या वडिलांना वेगळ्याच गोष्टीचा आनंद होता. तोवर मुंबईच्या नाटकात मालवणी बोलायचा तो घरगडी, तोंडात विडी आणि खांद्यावर फडकं. वडील बँकेत शिपाई होते. त्यांच्या साहेबाने नाटक बघून आल्यावर त्यांना विचारलं, ‘ते खंय मराक गेल्लंस कसं म्हणायचं हो नीट?’ वडिलांनी त्याला तीन वेळा म्हणून दाखवलं. साहेबाला, त्याच्या केबिनमध्ये, दार लावून. घरी येऊन ते सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं हसून हसून.

दशावतारातल्या संकासुराबद्दल लिहायला बसलो तर रात्र जाईल. थांबतो.

पेठेतली नात

शीर्षक माझ्या फोनवरच्या वाक्यावरून घेतलंयत, तेव्हा खुलासा मीच करते.

आमचे आजोबा निवृत्त शिक्षक. त्यांच्या तोंडी ‘शिंच्या’ हा शब्द श्वासासारखा. पेपरवाला शिंचा, पानशेतचं पाणी न सोडणारी महापालिका शिंची, चष्मा सापडत नसेल तर चष्मा शिंचा. मी नातींमधली धाकटी, लाडाने मलाही ‘शिंचे’. पण हिंदी सिनेमा बघून आलेल्या माझ्या चुलतभावाने एकदा ‘साला’ म्हटलं, तर आजोबांनी चमचा खाली ठेवला. आमच्याकडे चमचा खाली ठेवणं ही फार मोठी घटना होती.

शिक्षा, ‘मी अपशब्द उच्चारणार नाही’ हे वाक्य शंभर वेळा. त्याने लिहून आणलं. आजोबांनी तांबड्या पेन्सिलीने तपासलं. चौदा ठिकाणी ‘ऊच्चारणार’ लिहिलं होतं म्हणून ते चौदा परत.

आमच्याकडे विनोद म्हणजे आकाशवाणीवरचं ‘पुन्हा प्रपंच’. टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत. नवराबायको भांडायचे, भावजी मध्ये पडून भांडण वाढवायचे, आणि एवढ्या भांडणात एक वावगा शब्द नाही. आजी पोळ्या लाटता लाटता म्हणायची, ‘भांडावं तर असं.’ मग दूरदर्शन आलं. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ. चिमणरावाचा बावळटपणा आजोबांना इतका आवडायचा की ते त्यालाही ‘शिंचा’ म्हणायचे, टीव्हीकडे बोट करून.

मात्र खरा सैलपणा भोंडल्याला. हत्तीचं चित्र पाटावर मांडून फेर धरला की ‘श्रीकांता कमलकांता असं कसं झालं, असं कसं वेडं माझ्या नशिबी आलं’ म्हणत एका ठार वेड्या नवऱ्याची यथेच्छ बदनामी. गल्लीतल्या सगळ्या बायका आजोबांच्या खिडकीखाली हे गायच्या. आजोबा खिडकी लावून घ्यायचे. त्यांना माहीत होतं त्यातल्या निम्म्या कुणाकडे बघून गातायत.

आडनाव नको, जळगाव

मी सहा वर्षांची. मावसबहिणीच्या साखरपुड्यात कुणीतरी म्हणालं, बाळ, एखादं गाणं म्हण. मी दादा कोंडक्यांचं ढगाचं गाणं म्हटलं. हातवाऱ्यांसकट. पूर्ण. मुलाकडची मंडळी हसली, आमच्याकडची नाही. लग्न झालं, अजून टिकलंय. मला त्या गाण्याचा अर्थ दहावीनंतर कळला आणि मी घरात एकटी असताना लाजले.

तांबडा पांढरा, कोल्हापूर

आमच्यात ‘काय रांडंच्या, कवा आलास?’ म्हटलं की समजायचं, माणूस जेवल्याशिवाय सोडणार नाही. ‘अहो’ म्हटलं की उधारी मागायला आलाय. एवढंच.

लोणंदची लेक

वरचं सगळं बाजूला ठेवा. आमच्याकडे बायकांचा शिव्यांचा सण आहे.

खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी अशी दोन गावं आहेत, सातारा जिल्हा. मध्ये ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका ओढ्याच्या दोन्ही काठांवर जमतात आणि पलीकडच्यांना शिव्या देतात. हलगी वाजत असते, शिंग फुंकलं जातं, पोलीस मध्ये उभे असतात कारण जोर चढला की बायका ओढ्यात उतरून एकमेकींना ओढायला जातात. याला बोरीचा बार म्हणतात. आता मोबाईलवर त्याचे व्हिडिओ फिरतात, तेव्हा फक्त माणसं होती.

माझी आई म्हणजे घरात ‘च्यायला’ शब्द ऐकू आला तर झारा घेऊन धावणारी. मी आठ वर्षांची असताना तिनेच मला बार बघायला नेलं. गर्दीत दिसेना म्हणून कडेवर घेतलं. समोरच्या काठावर आमची लांबची मावशी, जी एरवी डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही, ती. पदर कमरेला खोचलेला, एक हात कमरेवर, दुसरा हवेत, पुढे-मागे. हलगीच्या ठेक्यावर. तिच्या तोंडून काय बाहेर पडत होतं ते हलगीमुळे अर्धंच ऐकू येत होतं, पण हात पुरेसा होता. आणि आई हसत होती. मी माझ्या आईला तसं हसताना आधी पाहिलं नव्हतं, आवाज न करता, सगळं अंग हलवत. मला पडायची भीती वाटली.

संध्याकाळी तीच मावशी पुरणाची दिंडं घेऊन घरी आली. पदर परत डोक्यावर. मी तिला भोळेपणाने तिचाच एक शब्द विचारला. आईची चापट मावशीच्या उत्तराआधी पोचली. मावशी म्हणाली, ‘आगं, मारू नगं तिला.’ मग मला म्हणाली, ‘बाराचं बारात. वढ्याचं वढ्यात ठिवायचं.’

त्यानंतर तमाशातली बतावणी, दूरदर्शनवरचे विनोदी कार्यक्रम, आता हे स्टँडअप, सगळं बघितलं. कमरेवर हात ठेवून उभी असलेली मावशी त्यांच्यात कुणाला येणार नाही.

बेळगावचा, चन्नम्मा सर्कलजवळचा

पुलंच्या ‘गणगोत’मधले रावसाहेब ज्यांनी ऐकलेत त्यांना आमच्या आजोबांची वेगळी ओळख द्यायला नको. कानडी वळणाचं मराठी, लिंगाचा पत्ता नाही, आणि प्रेम जितकं जास्त तितकी शिवी मोठी. आमच्याकडे ती कॅसेट लागली की सगळे हसायचे, आजोबा सोडून. ते म्हणायचे, ‘ह्यात हसण्यासारखा काय आहे? बरोबर बोलूलालाय की तो.’

आजोबांच्या निम्म्या शिव्या कानडी. आम्ही शाळेत मराठी माध्यमात, घरात मराठी, त्यामुळे त्या आम्हाला शिव्या वाटायच्याच नाहीत, आजोबांचे खास शब्द वाटायचे. ‘बोळी मगा’ म्हणजे काहीतरी ‘लबाडा’सारखं असावं असा माझा समज. पाचवीत कानडी विषय सुरू झाला. सरांनी विचारलं, कुणाला घरी ऐकून काही कानडी शब्द येतात का. मी हात वर केला.

सर कानडीच. आधी त्यांचे कान लाल झाले, मग हसू दाबताना त्यांच्या हातातला खडू मोडला. संध्याकाळी ते आमच्या दुकानात आले. आजोबा काउंटरवर. सर म्हणाले, तुमच्या नातवाचा उच्चार फार चांगला आहे. आजोबांनी त्यांना शेंगा-गूळ दिला आणि ते गेल्यावर मला बोलावून सांगितलं, ‘मी म्हटला ते तू म्हणायचा नाही.’ का, विचारलं. ‘मी म्हातारा आहे.’

त्या शब्दाचा अर्थ मला बऱ्याच वर्षांनी कळला. बोळी म्हणजे केशवपन केलेली विधवा. मगा म्हणजे मुलगा.

गिरणगावातली

आमचे पप्पा लालबागच्या एका गिरणीत स्पिनिंग खात्यात. पहिली पाळी असली की चारला घरी. साच्यांच्या आवाजात राहून राहून त्यांचा आवाज कायमचा चढा झाला होता. घरात साखर मागितली तरी तिसऱ्या मजल्यापर्यंत कळायचं, आमच्याकडची साखर संपली. पण शिवी म्हणून कधी नाही. ‘गाढवा’ पण नाही. आम्हाला वाटायचं त्यांना येतच नाहीत.

पप्पांना तमाशाचं वेड. लालबागला हनुमान थिएटर होतं, तिथे फड लागायचे. गण, गौळण, बतावणी, वग, हा क्रम मला शाळेत शिकायच्या आधी पप्पांकडून पाठ. काळू-बाळू त्यांचे देव. कवलापूरचे जुळे भाऊ, एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा. गणपतीत पप्पा आणि शेजारचे मामा चाळीच्या अंगणात ‘जहरी प्याला’मधली ती जोडी करायचे. पप्पा पाच फूट तीन इंच, मामा सहा फूट. जुळे. दोघंही फक्त शेजारी शेजारी उभे राहायचे की लोक पाच मिनिटं हसायचे, एक वाक्य न बोलता.

दादा कोंडके तर नायगावचे, म्हणजे आमच्या घरचेच. वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ पप्पांनी किती वेळा पाहिलं याचा हिशेब आईकडे होता, कारण प्रत्येक तिकिटामागे एक भांडण. दर वेळी वेगळं असतं, हा पप्पांचा बचाव. ते खोटं नव्हतं. दादा त्या दिवशीच्या पेपरातली बातमी उचलून संवादात घालायचे. चावट होतं का? होतंच. पप्पा आम्हाला सांगताना चावट भाग गाळायचे आणि मधेच एकटेच हसत बसायचे. आम्ही विचारायचो, काय झालं? ‘काही नाही, पुढे राजा आला.’

१९८२ चा जानेवारी. संप. तो संपलाच नाही हे सगळ्यांना माहीत आहे. आठ-नऊ महिन्यांनी पप्पा एकदा गॅलरीत बसले होते, मी आत गणित करत होते. त्यांनी एक शिवी दिली. लांबलचक, तीन पिढ्या घेणारी, अत्यंत सफाईदार. कुणाला दिली ते कळलं नाही. समोर कुणी नव्हतं, गिरणीची चिमणी होती. धूर नसलेली. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, काही बोलली नाही, त्यांच्यापुढे चहा ठेवला.

त्या वर्षी गणपतीत मामा एकटेच उभे राहिले होते.

नागपूरची सून

वातावरण जरा हलकं करते. मी नागपूरची, सासर पुणे. आमच्याकडे ‘काय बे’ म्हणजे ‘काय रे’. बहीण भावाला म्हणते, मित्र मित्राला म्हणतो. लग्नानंतर चौथ्या दिवशी मी धाकट्या दिराला सहज म्हटलं, ‘काय बे, जेवला का?’ घरात असं काही शांत झालं की पंखा ऐकू यायला लागला. सासूबाई मला आत घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, ‘तुला इथे कुणी दुखावलंय का?’

‘भैताड’, म्हणजे वेडपट, हा शब्द मात्र मी त्यांना शिकवला. त्यांना एवढा आवडला की आता सासरे भैताड, कामवाली भैताड, वॉशिंग मशीन भैताड.

परभणी ते न्यू जर्सी

लक्ष्मण देशपांड्यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’. एकटा माणूस, ५२ पात्रं. आम्ही ९४ साली इकडे आलो तेव्हा सामानात कुकर, दोन किलो काळा मसाला आणि ही कॅसेट. गाडीत सतत तीच. मागच्या सीटवर मुलगा, तीन वर्षांचा. त्याचं मराठी आईवडिलांपेक्षा त्या कॅसेटवरून तयार झालं. म्हणजे आमचा मुलगा अमेरिकेत वाढून मराठवाड्यातल्या खेड्यातल्या म्हाताऱ्यासारखा बोलायचा. परभणीला नेलं तेव्हा माझे वडील त्याला पारावर घेऊन जायचे आणि बोलायला लावायचे. गर्दी जमायची.

त्याच्या डेकेअरच्या बाईंनी एकदा विचारलं, हा खेळण्यातली गाडी पडली की ‘मुडद्या’ म्हणतो, त्याचा अर्थ काय? मी म्हटलं, गाडी. पुढचं वर्षभर त्या बाई मुलांना गाडी देताना तसंच म्हणायच्या.

नाव लिहीत नाही

सगळं वाचलं. हसले पण. तरी एक लिहायचं होतं.

आमचं घर मोठं, सांगलीकडचं. वडील आणि दोन काका तोंडाचे मोकळे, गावात त्यांच्या विनोदाची ख्याती. ‘रांडेच्या’ प्रत्येक वाक्यात. माझी आत्या बावीसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आलेली. ती पुढच्या पडवीत निवडत बसलेली असायची, गहू नाहीतर तांदूळ. आत पुरुषांची बैठक, हसणं, कुणीतरी नकला करतंय. तो शब्द आला की आत्या उठायची. रागाने नाही. ताट उचलायची आणि मागच्या दारी जाऊन बसायची, जणू पुढे ऊन आलंय. मी लहानपणी खरंच उन्हामुळे समजायचे. नंतर लक्षात आलं की पावसाळ्यातही उठते.

बेळगावच्या दादांनी लिहिलंय त्या कानडी शब्दाचा अर्थ वाचून आत्याच आठवली. तिकडेही तेच.

तिला विनोद कळायचा नाही असं नाही. मिरासदारांच्या गोष्टी ती माझ्याकडून वाचून घ्यायची, ‘व्यंकूची शिकवणी’ तर किती वेळा, आणि तोंडाला पदर लावून हसायची.

पेठेतली नात

तुमचं वाचल्यावर आजोबांचाच जुना शब्दकोश काढला. शिंच्या हे ‘शिंदळीच्या’चं छोटं रूप. शिंदळ म्हणजे काय ते इथे लिहीत नाही. साला म्हणजे बायकोचा भाऊ. आमच्याकडे चमचा खाली ठेवला गेला होता तो मेव्हण्यावरून.

आजोबांना माहीत असणारच. कोशात त्या पानावर त्यांची तांबडी खूण आहे.

तांबडा पांढरा, कोल्हापूर

आत्यांचं वाचून दोन दिवस सुचलं नाही काही. वर थट्टेत लिहिलेला शब्द आज मित्राला म्हणता म्हणता अडखळलो. तो म्हणाला, बरं नाही का तुला?

कॅसेटवाला, ठाणे

सगळ्यांचे आभार मानायला आलो होतो, पण आधी कालची गोष्ट सांगतो.

कॅसेटचं पेन ड्राइव्हवर करून देणारा एक जण स्टेशनजवळ सापडला. बाजू दोन त्याने हेडफोन लावून ऐकली आणि म्हणाला, मागे कुणीतरी सारखं खोकतंय, ते काढायचं तर जास्त पैसे पडतील. मी नको म्हटलं. काल रात्री आईबाबांना व्हिडिओ कॉल लावला, मोबाईलवर ती बाजू वाजवली. बाबा आता ८१ चे. मन लावून ऐकत होते. सातव्या खोकल्याला मी थांबवलं आणि विचारलं, बाबा, आता तरी सांगा, इथे काय होतं?

बाबा छताकडे बघत म्हणाले, ‘विसरलो.’

त्यांच्या मागे आई भाजी निवडत बसली होती. मान वर न करता तिने ते वाक्य म्हटलं. पूर्ण. वेंगुर्ल्याच्या हेलात, तात्या सरपंचाच्या ठसक्यात, जिथे खोकला होता तिथे नेमका शब्द ठेवून. मग आठवा खोकला येतो तिथलंही म्हटलं. नववंही. चाळीस वर्षं ती त्या वेळी स्वयंपाकघरात असायची.

बाबा तिच्याकडे बघायला लागले. आई म्हणाली, ‘काय बघतास? गवारीच्या शिरा काढा.’